‘स्टेप’चे सख्खे आणि सावत्र

इंग्रजी भाषेंतील ‘स्टेप’ हा शब्द इतका साधा आहे कीं, त्यावर एखादें पान खर्ची घालावें असें आमच्या मनांत कधीं आलें नसतें. परंतु गेल्या महिन्यांत घरीं एक लहानसा प्रसंग घडला आणि कोश काढून बसणें आम्हांस भाग पडलें.

दिवेलागणीची वेळ होती. मुलें जेवणघरांत अभ्यासास बसलीं होतीं. धाकट्या बंधूंच्या कन्येनें ‘स्टेप’ म्हणजे पाऊल, ‘स्टेप’ म्हणजे पायरी, असे दोन अर्थ वहींत उतरविले आणि पुढच्या गोष्टींत ‘स्टेपमदर’ येतांच मोठ्यानें विचारलें, “भाऊकाका, स्टेपमदर म्हणजे पायरीवरची आई कां हो?” आमच्या वहिनी तेथेंच तांदूळ निवडीत होत्या. त्या या घरांत आल्या तेव्हां थोरल्या पुतण्यास पांचवें वर्ष होतें. त्याची आई त्याआधीं दोन वर्षें गेली होती. ताटावरची मान वर न करितां वहिनी म्हणाल्या, “पायरीच ग. एक पायरी खालची.” पुतण्या शेजारींच बसला होता. कोणीं कांहीं बोललें नाहीं. उत्तर आम्हांलाही त्या क्षणीं सुचलें नाहीं.

आधीं या शब्दाचे सख्खे अर्थ पाहूं. पाऊल आणि पायरी हे दोन तर उघडच आहेत. पाऊल जेथें टेकतें ती पायरी. मराठींतहि ‘पायरी’ पायापासूनच निघाली. मात्र ‘पायरी ओळखून वागावें’ या आपल्या बोलण्यांत ‘स्टेप’ घालूं गेल्यास इंग्रजाला कांहींच बोध होणार नाहीं. तो तेथें जागा ओळखावयास सांगेल. नाचांतली ‘स्टेप’ आतां आपल्या घराघरांत शिरली आहे, तिच्याविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. पण ‘पावलें उचलणें’ या प्रयोगाविषयीं आमची जुनी तक्रार आहे. इंग्रज ‘स्टेप घेतो’, म्हणून आमच्या वृत्तपत्रांनीं सरकारला पावलें ‘उचलावयास’ लाविलें. पूर्वी लोक उपाय योजीत, तजवीज करीत. आतां रोज सकाळीं कोणी ना कोणी कठोर पाऊल उचलून उभा असतो. तें खालीं केव्हां टेकलें याची बातमी येत नाहीं.

याच्या उलट, एके ठिकाणीं मात्र ‘स्टेप’ आणि आपलें पाऊल यांचा मोठा सुरेख मेळ बसला आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत, सप्तपदी हा ज्या विवाहविधीचा भाग असेल तो विवाह सातवें पाऊल पडतांच पूर्ण व बंधनकारक होतो असें सांगितलें आहे, आणि मूळ इंग्रजींत तेथें हाच शब्द आहे. योगायोग असा कीं, तें कलमहि सातवेंच.

आतां ‘स्टेपमदर’. या शब्दांतील ‘स्टेप’ पावलाचाहि नव्हे आणि पायरीचाहि नव्हे. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘स्टेओप’ असें एक निराळेंच पद होतें. त्याचा अर्थ वियोग झालेला, ज्याचें माणूस हिरावलें गेलें आहे असा. ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे पोरकें मूल. त्या मुलाला जी आई मिळाली ती ‘स्टेओपमोडोर’, जो बाप मिळाला तो ‘स्टेओपफेडर’. पुढें उच्चार झिजत झिजत दोन वेगळे शब्द एकाच रूपास आले. त्यांचें मूळ भिन्न, याची साक्ष बहीणभाषा असलेली जर्मन देते. तेथें सावत्र आईला ‘श्टीफमुटर’ म्हणतात, तर पावलाचा ठसा दाखविणारा शब्द ‘श्टाप्फे’ असा आहे. इंग्रजींत जे एकरूप झाले ते जर्मनींत अजून दूरच आहेत. तेव्हां ‘स्टेपमदर’चा मूळ अर्थ करावयाचा तर ‘पोरक्याची आई’ असाच करावा लागेल. त्यांत वरची-खालची पायरी कोठेंच नाहीं.

आमचा मराठी शब्द मात्र दुसऱ्याच अंगानें आला. ‘सवत’ म्हणजे संस्कृतांतील ‘सपत्नी’, एकाच पतीची दुसरी भार्या. आणि ‘सावत्र’ हा त्याच कुळांतला. ‘सपत्न’ शब्दाचा अर्थ तर वेदकाळापासूनच शत्रु असा आहे, आणि ‘सापत्नभाव’ आपण अजूनहि राजकारणांत वापरतों. म्हणजे इंग्रजी शब्दानें आई गेलेल्या मुलाकडे पाहिलें, तर आमच्या शब्दानें एका घरांत नांदणाऱ्या दोन स्त्रियांच्या भांडणाकडे पाहिलें. कैकेयीनें वर मागितले तेव्हां कौसल्या हयात होती. ध्रुवाला सुरुचीनें हिणविलें तेव्हां सुनीतीहि घरांत होती. आमच्या कथांतली सावत्र आई बहुधा अशी, सवतीच्या पोराची वैरीण.

मुंबई प्रांतांत १९४६ सालीं द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला आणि १९५५ च्या वरील कायद्यानें तो निर्बंध देशांतील हिंदूंवर आला. कायद्यानें सवत गेली, पण ‘सावत्र’ राहिलें. आणि तें आतां जिच्या कपाळीं येतें, तिनें सवतीचें तोंडहि पाहिलेलें नसतें. तिच्या वांट्यास असतें तें भिंतीवरील तसबिरीला हार घालणें. तिला सवतीच्या नात्यानें ओळखावें हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. पर्यायी शब्द आमच्यापाशीं तयार नाहीं हें कबूल आहे.

इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठीं येथें एक सूचना. ‘सावत्र भाऊ’ म्हणजे सरसकट ‘स्टेपब्रदर’ नव्हे. बाप एक व आया दोन असल्या, किंवा आई एक व बाप दोन असले, तर तो ‘हाफब्रदर’. रक्ताचा कांहींच संबंध नसून केवळ आईबापांच्या पुनर्विवाहानें भाऊ झाला तरच ‘स्टेपब्रदर’. या हिशेबानें भरत हा रामाचा ‘हाफब्रदर’ होय. परीक्षेच्या पेपरांतून त्याला नेहमींच ‘स्टेपब्रदर’ करण्यांत येतें.

हें सर्व आम्हीं दुसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर सर्वांसमक्ष सांगितलें. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि “म्हणजे तो शब्द मुलाचा, आईचा नव्हे,” एवढेंच म्हणाल्या. पुतण्यानें बहिणीची वही ओढून घेतली, तींत तिनें लिहिलेलें ‘पायरीवरची आई’ खोडलें आणि पुढें कांहीं न लिहितां वही परत दिली.

कन्येचें समाधान मात्र एवढ्यानें झालें नव्हतें. “मग मोटारींतली स्टेपनी?” तिनें विचारलें. तीहि या घराण्यांतली नव्हे. वेल्समधील लानेली गांवीं डेव्हिस नांवाच्या दोघां भावांनीं १९०४ च्या सुमारास हें जादा चाक काढलें. त्या काळच्या मोटारींत असें चाक नसे. वाटेंत टायर फुटला कीं आऱ्या नसलेलें हें चाक त्या फुटक्या चाकावरच आवळून बसवीत. त्यांचा कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचें नांव स्टेपनी स्ट्रीट. तेंच चाकाला मिळालें. इंग्लंडांत तो शब्द जवळजवळ विसरला गेला आहे, आपल्याकडे मात्र गॅरेजांतला पोऱ्याहि दुसरा शब्द वापरीत नाहीं.