सेक्युलर कोण? माणूस की सरकार?

"मी सेक्युलर आहे हो," असं कुणी म्हणालं की त्याला नेमकं काय म्हणायचं असतं? देव मानत नाही? सगळेच देव मानतो? की अमुक पक्षाला मत देत नाही, एवढंच? हल्ली तर हा शब्द सरळ शिवीसारखाही वापरतात.

शब्दाचा इतिहासही मजेशीर आहे. १९४८ साली के. टी. शहांनी तो घटनेत घालायची दुरुस्ती सुचवली, ती फेटाळली गेली. १९७६ मध्ये ४२व्या दुरुस्तीने तो सरनाम्यात आला. मराठीत 'धर्मनिरपेक्ष', हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. व्याख्या मात्र दिली नाही. १९७८ मध्ये जनता सरकारने 'सर्व धर्मांना समान आदर' अशी व्याख्या घालायचा प्रयत्न केला, पण तो राज्यसभेत अडला. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल डिक्लेअर केलं, व्हॅल्यू दिलीच नाही. मग जो तो आपापली भरतो.

पण जरा कलमं वाचा. ती १९५० पासून आहेत. धर्मावरून राज्याने भेदभाव करायचा नाही (कलम १५). एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नाही (२७). पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही (२८). ही बंधनं कुणावर आहेत? सरकारवर! माणसाला उलट २५व्या कलमाने आपला धर्म पाळायची मोकळीक दिली आहे. म्हणजे दरवर्षी पायी वारी करणारा माणूसही सेक्युलर राज्याचा कट्टर समर्थक असू शकतो. त्यात काहीच विसंगती नाही.

आता आषाढीला मुख्यमंत्री पंढरपूरला शासकीय महापूजा करतात. 'समान आदर' हा अर्थ घेतला तर चालतं, 'सरकारने धर्मापासून लांब राहावं' हा घेतला तर खटकतं. आपले निम्मे वाद असेच, दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या व्याख्या ठेवून चालतात. मला विचाराल तर मी लांब राहण्याच्या बाजूचा. मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला जरूर जावं, पण भक्त म्हणून, रांगेतून. आदर समान आहे की नाही हे मोजणार कोण? अंतर निदान दिसतं तरी.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्याने आडनाव ऐकून पेन खाली ठेवू नये, भाड्याने घर मिळालं नाही तरी रेशनकार्ड मिळावं, यासाठी हा शब्द आहे. त्याची शिवी झाली, तर उद्या हे मागायचं कुठल्या शब्दात?