विहाराच्या अंगणात बोर आणि कवठ

आपल्या शहरात वृक्षारोपणे पुष्कळ होतात. १४ एप्रिलला होतात, बुद्धपौर्णिमेला होतात, १४ ऑक्टोबरला होतात. हार, फोटो, बिसलेरीच्या बाटलीतले थोडे पाणी, आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यात नवे रोप. यात श्रद्धेचा अभाव नाही, पंचांगाचा घोटाळा आहे. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी पाऊस परतलेला असतो आणि पुढे आठ महिने कोरडे जाणार असतात. रोप लावण्याचा आपल्याकडचा खरा मुहूर्त आषाढी पौर्णिमा होय. भिक्खूंचा वर्षावास त्याच दिवसाच्या सुमारास सुरू होतो, आणि कोवळ्या अंकुरांवर पाय पडू नये हेही वर्षावासाच्या नियमामागचे एक कारण विनयात नोंदलेले आहे.

स्मरणिकेच्या या पानांतून माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिकांपुढे एक साधी मागणी मांडावयाची आहे. आपल्या शाळेच्या, विहारांच्या आणि वस्त्यांच्या अंगणांत यापुढे शोभेची झाडे न लावता या मातीत टिकणारी, मुलांना खाता येतील अशी फळे देणारी झाडे लावावीत. आणि त्या फळांवर पहिला हक्क मुलांचा असावा.

ही मागणी परंपरेला नवी नाही. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंद राजाचे आणि परिसराला नागसेन स्थविरांचे नाव मिळाले. परंतु तो परिसर ‘नागसेननगर’ झाला नाही, ‘नागसेनवन’ झाला. तथागतांचा जीवनपटही वनांतून आणि बागांतून उलगडतो. राजगृहाला जीवकाचे आम्रवन, वैशालीला आम्रपालीने संघाला दिलेली आमराई. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात बागा आणि वने लावणाऱ्यांचे, पाणपोया आणि विहिरी देणाऱ्यांचे पुण्य अहोरात्र वाढते असे म्हटले आहे. विनयात भिक्खूंना ज्या फळांच्या रसांची अनुमती आहे त्यांत आंबा, जांभूळ आणि फालसा आहेत. औषधी फळांत हिरडा, बेहडा आणि आवळा आहेत. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचा, आमराया उभारल्याचा आणि विहिरी खणविल्याचा उल्लेख एकत्रच येतो. आणि अशोकावदान सांगते की, अखेरच्या दिवसांत त्याच्या हाती उरलेला अर्धा आवळासुद्धा त्याने संघाला दिला. गुलमोहर या कथेत कोठेच नाही. तो मादागास्करहून आलेला पाहुणा आहे. दिसायला सुरेख आहे, हे मान्य!

आता आपल्या जमिनीचा विचार करू. येथे पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि लहरी. वर मुरूम, खाली काळा पाषाण. अशा जमिनीत बोरीचे झाड शहाणपणाने वागते. पावसाळ्यात ते फुलते, थंडीत फळते आणि कडक उन्हाळ्यात पाने गाळून झोपी जाते. पाणी नसते तेव्हा ते पाणी मागतच नाही. त्याचे सोटमूळ खोल जाते. म्हणून पिशवीतले रोप लावण्यापेक्षा जागेवरच बी पेरून, पुढे त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरणे अधिक हिताचे. कवठही असेच चिवट. त्याच्या गराची गूळ घातलेली चटणी आजच्या मुलांपैकी किती जणांनी चाखली असेल? भोकराचे लोणचे, खिरणीची पिवळी फळे, उंबर, बेल, आवळा यांचेही तेच झाले आहे. शेवगा मात्र वर्षभरात हाताशी येतो. वसतिगृहाच्या आमटीत त्याचा पाला पडत राहिला तर मुलांच्या पोटात थोडे लोह आणि कॅल्शियम जाईल, तेही कोणाच्या देणगीची वाट न पाहता. फांदी ठिसूळ असते, एवढे ध्यानात ठेवून तो छपरापासून दूर लावावा. जांभळाला पाणी अधिक लागते; त्याची जागा हात धुण्याच्या मोरीशेजारी.

‘देशी’ या शब्दाचा हट्टही बेताचाच असावा. दौलताबादच्या डोंगरातले सीताफळ मूळचे अमेरिकेतले आणि चिंच आफ्रिकेतली. दोघींनी येथे इतकी पिढ्यान् पिढ्या मुले पोसली आहेत की त्यांच्याकडे रहिवासाचा दाखला मागणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु फळाचा प्रश्न केवळ वनस्पतीशास्त्राचा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात आमराई होती, पण ती त्यांची नव्हती. पडलेली कैरी उचलली म्हणून धोंडा खाल्लेली मुले आपल्याच घराण्यांत होती. १९२७ साली महाडला आपण पाण्याला स्पर्श केला. फळाला स्पर्श करण्याचा सत्याग्रह कोणी केला नाही, करण्याची गरज भासली नाही, कारण थोड्याच काळात आपण गाव सोडून शहरात आलो. शहरात जागा मिळाली ती पत्र्याच्या दोन खोल्यांची. झाड पुन्हा दुसऱ्याच्याच कुंपणात राहिले. विहाराचे अंगण ही या शहरातली आपली सामाईक जमीन आहे, आणि तेथे आपण सध्या पेव्हर ब्लॉक बसवीत आहोत.

पाण्याची अडचण खरी आहे. जायकवाडी भरलेले असले तरी नळाला पाणी कित्येक दिवसांआड येते, आणि हंडा वाहण्याचे काम बायकांच्याच वाट्याला येते. त्या हंड्यातले पाणी झाडासाठी मागण्याचा अधिकार मला नाही, समितीलाही नाही. म्हणून झाडाला वापरलेले पाणीच द्यावे. दोनशे मुलांचे वसतिगृह धरा. दोन्ही जेवणांनंतर ताट-हात धुण्यास प्रत्येकी दोन लिटर लागले तरी दिवसाचे आठशे लिटर होतात. खडी भरलेल्या आणि कर्दळ लावलेल्या खड्ड्यातून ते पाणी सोडले, की आठवड्याला वीस लिटरांच्या हिशेबाने अडीचशेहून अधिक रोपे जगतात. पावसाचेही तसेच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सरासरी पावसाळ्यात साठ हजार लिटरांहून अधिक पाणी पडते, आणि आपण ते पन्हळीने गटारात सोडतो.

अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या टूसॉन शहरात पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी, सुमारे २८० मिलिमीटर. तेथील डनबार-स्प्रिंग नावाच्या वस्तीचे नाव ज्या शाळेवरून पडले, ती एके काळी केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा होती. या वस्तीतल्या रहिवाशांनी ब्रॅड लँकेस्टर यांच्या पुढाकाराने १९९६ पासून रस्त्याकडेला झाडे लावली, आणि पुढे पदपथाच्या कडा कापून रस्त्यावरून वाहणारे पावसाचे पाणी झाडांच्या आळ्यांत वळविले. तेथल्या मेस्किट झाडाच्या शेंगा लोक एकत्र येऊन दळतात आणि पीठ घरी नेतात. मेस्किटचीच एक बहीण आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून माजली आहे, तेव्हा त्यांचे झाड आणू नये. त्यांची कापलेली कड मात्र आणावी.

काटे लागतात, मुले दगड मारतात, जांभळाने फरशी डागाळते, हे आक्षेप मी समित्यांच्या बैठकांत ऐकलेले आहेत. काटे लागतात हे खरेच. बोरीची वाटेवरची फांदी उन्हाळी छाटणीत काढता येते. दगड मारणाऱ्या मुलाला मात्र हाकलू नये. त्याच्या हाती आकडी द्यावी. फळांचा लिलाव करून दानपेटीत भर घालण्याचा मोहही आवरावा.

आपल्या शाळेपुरते बोलायचे तर दक्षिणेकडच्या कुंपणाची भिंत मोकळी आहे. तेथे येत्या उन्हाळ्यात तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डे खणून ते तापू द्यावेत आणि पावसाआधी पोयट्याने व शेणखताने भरावेत. एका खड्ड्याचे पालकत्व एका माजी तुकडीने घ्यावे, तेही तीन उन्हाळ्यांसाठी. कारण चौथ्या उन्हाळ्यात बोरीला आपली फारशी गरज उरत नाही. जानेवारीत मुले बोरे खातील तेव्हा आठळ्या फेकू न देता जपून ठेवाव्यात. त्यातून उगवलेल्या रोपांवर पुढच्या वर्षीच्या श्रावणात डोळे भरण्याचे काम आठवीच्या वर्गाला शिकवायला मी येईन.