स्पॉन्सर नावाचा कफील

'स्पॉन्सर' हा शब्द आपल्याकडे मांडवातून आला. गणपतीच्या कमानीवर सराफाचं नाव, एकांकिका स्पर्धेच्या पडद्यावर मसालेवाल्याचा लोगो, मॅरेथॉनच्या टी-शर्टवर बँक. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा आणि बदल्यात फक्त नाव झळकवून घेणारा. त्याने पुढल्या वर्षी हात आखडता घेतला, तर कमान लहान होते. गणपतीला साठ दिवसांत गाव सोडावं लागत नाही.

म्हणूनच 'कंपनी व्हिसा स्पॉन्सर करते' हे वाक्य ऐकताच आपल्या मनात कृतज्ञता दाटून येते. कुणीतरी आपल्यासाठी खर्च करतंय, आपल्यावर विश्वास टाकतंय. मी न्यू जर्सीत नऊ वर्षं एच-वन-बी व्हिसावर सॉफ्टवेअर लिहिलं, आता पुण्यात असतो. आठवड्यातून एखादा तरी फोन येतो: "काका, स्पॉन्सर करणाऱ्या कंपन्यांची यादी आहे का?" यादी मागण्यात गैर काही नाही. पण त्या शब्दात जो उपकार गृहीत धरलेला आहे, तो खोटा आहे. तंत्रज्ञाच्या परदेशातल्या नोकरीत कंपनी जी गोष्ट देते ती देणगी नसते. तो सौदा असतो, आणि त्यात तुम्ही गहाण टाकता ती तुमची राजीनामा देण्याची ताकद.

कागदच बघा. एच-वन-बी हा अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने तयार झालेला व्हिसा. त्याचा अर्ज तुम्ही करत नाही, कंपनी करते. अर्जात कंपनी असते 'अर्जदार' आणि तुमच्यासाठी जो शब्द आहे त्याचं मराठी भाषांतर 'लाभार्थी' असंच होतं. घरकुल योजनेत असतो तोच. परवानगी एका माणसाला मिळत नाही. एका कंपनीला, एका पदासाठी, एका माणसाला ठेवण्याची परवानगी मिळते. नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारच जातो. जास्तीत जास्त साठ दिवस हातात असतात, आणि ही सवलतसुद्धा २०१७च्या जानेवारीपासूनची. साठ दिवसांत नवी कंपनी शोधायची, तिने अर्ज दाखल करायचा; नाहीतर भाड्याचं घर, गाडीचं कर्ज, मुलांची शाळा असं सगळं आवरून निघायचं. शाळेचं वर्ष अर्ध्यावर असलं तरी.

पण खरी दोरी पुढे आहे. ग्रीन कार्डाची. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, त्यांत बायकामुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग म्हणून दशकांची झाली आहे. एच-वन-बी मुळात सहा वर्षांचा. त्यापुढे तो वाढवायचा तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असावी लागते. ती सुरू कोण करणार? कंपनी. कधी? तिच्या मर्जीने. 'पुढच्या रिव्ह्यूनंतर बघू' हे वाक्य मी सलग तीन वर्षं ऐकलं. ते उच्चारणारे सगळे भले लोक होते. त्यांना दुष्ट असण्याची गरजच नव्हती, कायद्याने त्यांचं काम सोपं करून ठेवलं होतं. मंजुरीआधी नोकरी सोडली तर रांगेतली जागाच उरत नाही. मंजुरीनंतर सोडली तर जागा राहते, पण नव्या कंपनीने सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करायची.

आणि प्रक्रिया सुरू झाल्यावर काय होतं? ती विशिष्ट पदासाठी असते. मला टीम सांभाळण्याचं काम देऊ केलं गेलं, तेव्हा कंपनीच्याच वकिलाने कळवलं की कामाचं स्वरूप इतकं बदललं तर कागद नव्याने करावे लागतील. मग ठरलं असं, की काम नवं करायचं, पद आणि पगार मात्र जुनेच ठेवायचे. चार वर्षं मी माझ्यापेक्षा ज्यांचा पगार जास्त होता अशा माणसांच्या कामाचं मूल्यमापन केलं. तक्रार करण्याचा प्रश्न नव्हता. तक्रार ज्याला निघून जाता येतं त्याने करायची असते.

रत्नागिरी, खेड, चिपळूण या पट्ट्यातल्या घराघरांतून माणसं आखातात गेली आहेत. त्यांना 'कफील' हा शब्द माहीत आहे. कफील म्हणजे ज्याच्या जामिनावर तुम्ही त्या देशात आहात तो मालक. त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे, कित्येक ठिकाणी देशही सोडता येत नसे. त्या व्यवस्थेला कफाला म्हणतात, आणि इंग्रजीत कफीलचं भाषांतर काय करतात? स्पॉन्सर. वेल्डर गेला की आपण म्हणतो, बिचारा अडकला. इंजिनिअर गेला की पेढे वाटतो.

दोन्हींत फरक आहे, आणि तो झाकायचं मला कारण नाही. एच-वन-बीवाल्याचा पासपोर्ट कुणी काढून घेत नाही. त्याला ठरलेल्या किमान दराहून कमी पगार देता येत नाही. काम नाही म्हणून बिनपगारी बसवून ठेवायला १९९८च्या कायद्याने बंदी आहे. मुदतीआधी कंपनीने काढलं, तर मायदेशी परतीचा प्रवासखर्च तिने द्यायचा असतो. २००० सालापासून नवी कंपनी अर्ज दाखल करताच तिच्याकडे रुजू होता येतं. हे सगळं खरं. पण या प्रत्येक सोयीची किल्ली कोणाकडे आहे ते पाहा: जुन्या नाहीतर नव्या कंपनीकडे. कफील बदलता येतो, कफीलावाचून राहता येत नाही. शिवाय कतारसारख्या देशाने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. म्हणजे ज्याला आपण मागासलेलं समजतो, तिथेही या दोरीची निदान लाज वाटू लागली आहे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: जबरदस्ती कुणी केली होती? बाणेरला फ्लॅट झाला, आईचं ऑपरेशन झालं, ते त्याच डॉलरांत ना? झालं, त्याच डॉलरांत झालं. सौदा फायद्याचा असू शकतो, माझाही होता. पण फायद्याचा सौदा हा सौदाच असतो. त्यातली अट वाचून दाखवणाऱ्याला कृतघ्न ठरवणं ही मालकाची सोय आहे, आपली नव्हे. आणि हिशेबच करायचा तर पूर्ण करू. पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीसाठी कापले जातात. त्याचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षं भरणा लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नसल्यामुळे सहा वर्षांनी परतणाऱ्याचे ते पैसे तिथेच राहतात. इतके औदार्य दाखवणारा लाभार्थी जगात विरळा.

दुसरं उत्तर गुणवत्तेचं. 'हुशार मुलांना कंपन्या स्पॉन्सर करतातच.' वर्षाला ६५ हजार व्हिसा, अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. मागणी कितीतरी जास्त, म्हणून सोडत. २०२३च्या सोडतीत साडेसात लाखांहून अधिक पात्र नोंदण्या आल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अशा उमेदवारांच्या होत्या ज्यांची नावं एकापेक्षा अधिक वेळा नोंदवली गेली होती. पुढच्या वर्षी माणूस मोजायचं ठरलं, तर आकडा ४ लाख ७० हजारांवर उतरला. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक 'व्हिसा बालाजी' म्हणतात आणि अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलतात. या व्यवस्थेचं स्वरूप त्यांना गुणवत्तेची भाषा करणाऱ्यांपेक्षा जास्त कळलेलं आहे.

२०२५च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा आपल्याकडे सगळी चर्चा 'आता परवडणार कसं' याचीच झाली. एवढे पैसे मोजलेली कंपनी दोरी किती घट्ट धरेल, हे फारसं कुणी विचारलं नाही. तिकडेही तसंच. एक बाजू म्हणते हे आमच्या नोकऱ्या खातात, दुसरी म्हणते हे जगातले सर्वोत्तम मेंदू आहेत. दोघांनाही दोरी दिसत नाही. खरं तर स्थानिक कामगाराला धोका परक्या माणसाचा नाही, सोडून जाऊ न शकणाऱ्या माणसाचा आहे. ज्याला 'जातो' म्हणता येत नाही, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्याचं 'जातो'सुद्धा स्वस्त होतं.

दुसरी रीत शक्य आहे, ती चालूही आहे. जर्मनीत ब्लू कार्डासाठी नोकरी लागतेच, पण पहिल्या बारा महिन्यांनंतर नोकरी बदलायला परकीय नागरिक कार्यालयाला विचारावं लागत नाही. आणि २७ महिन्यांनी, जर्मन बऱ्यापैकी येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा अर्ज माणूस स्वतःच्या नावाने करू शकतो. कॅनडाच्या गुणांच्या पद्धतीत तर नोकरी हातात नसतानाही कायम वास्तव्य मिळू शकतं. स्वर्ग दोन्हीकडे नाही. पण तिथे काही काळाने परवाना माणसाचा होतो.

म्हणून फोन करणाऱ्या मुलामुलींना मी यादी देत नाही, प्रश्न देतो. परवाना कोणाच्या नावावर आहे? कायम वास्तव्याची प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू होणार, आणि ते लेखी मिळेल का? लवकर सोडल्यास 'नुकसानभरपाई'च्या नावाखाली करारात काय लिहिलं आहे? कायद्याने मालकाने भरायचं शुल्क माझ्या पगारातून तर कापणार नाही ना? प्रश्न ऐकून ऑफर मागे घेणारी कंपनी नंतर काय करेल, ते तिने आधीच सांगितलं असं समजा. जायचं तर जा, खुशाल जा. फक्त ऑफर लेटरच्या उत्तरात 'स्पॉन्सर केल्याबद्दल आभारी आहे' असं लिहू नका. तिथे पगाराचा आकडा आणि रुजू होण्याची तारीख पुरते.