बार्शी लाईटचे कागद कुणाकडे आहेत?

शकुंतलेची रॉयल्टी या आठवड्यात पुन्हा फोनाफोनी फिरली. भारतात आजही एक रेल्वे इंग्रजांच्या मालकीची आहे आणि आपलं सरकार तिच्यापायी दरवर्षी विलायतेला पैसे मोजतं, हा तो मजकूर. या सदराच्या जुन्या वाचकांना तो पाठ असेल. या वेळी सोबत एका वाफेच्या इंजिनाचा फोटोही होता. इंजिन चार चाकांचं, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी बसवलेलं. असं इंजिन दार्जिलिंगला चालतं. मूर्तिजापूरच्या शेडशी त्याचा काही संबंध नाही.

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावलेली शकुंतला ही नॅरोगेज गाडी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि तिचा कारभार किलिक निक्सनकडे. किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत सुरू झालेली पेढी, जी स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली. ही लाइन राष्ट्रीयीकरणातून सुटली आणि खासगी मालकीची राहिली, एवढं खरं आहे. विलायतेची भर पुढच्यांनी घातली. शकुंतलेची खरी गोष्ट याहून सरस आहे. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन तिथे १५ एप्रिल १९९४ पर्यंत रोज गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं ते चालतं ठेवणाऱ्या फिटरांची आणि फायरमनांची नावं मात्र त्या मजकुरात कधी येत नाहीत.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. याच महाराष्ट्रात एक रेल्वे खरोखर लंडनच्या कंपनीची होती. तिचं जाळं २०२ मैलांचं, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरचं होतं. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. तिच्याबद्दल कुणी काही पाठवत नाही. ती बार्शी लाईट. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सांगली या चार जिल्ह्यांत साठीपुढचं कुणीही भेटलं तरी तिच्यात बसल्याची आठवण सांगेल. तिचा इतिहास विचारला तर मात्र बोलणं पंढरीच्या यात्रेतल्या टपावरच्या गर्दीपाशी येऊन थांबतं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनीअर १८८२ साली जीआयपी रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून आला. बार्शीची पेठ मोठी होती, पण मुख्य लाइन तिच्यापासून एकवीस मैलांवरून गेलेली. जवळच्या स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी. तिथपर्यंत माल बैलगाडीने जायचा. कॅलथ्रॉपने हे एकवीस मैल अडीच फुटी रुळांनी जोडायचं मनावर घेतलं. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे रूळ पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचले.

कॅलथ्रॉपचा आग्रह एकाच गोष्टीचा होता. इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की रूळ हलका चालतो, आणि रूळ हलका असला की गरीब मुलखातली लाइनही परवडते. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याला आठ जोडचाकांचं आणि मागे चार टेकूची चाकं असलेलं इंजिन बांधून दिलं. गाड्या जहाजावर चढण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले इथे खास रूळ टाकून त्यांची परीक्षा झाली. नॅरोगेजकडे तोवर अनेक जण तात्पुरती सोय म्हणून पाहत. बार्शीने ती समजूत मोडली.

हे सगळं आज सलग सांगता येतं, याचं श्रेय हौशी मंडळींना आहे. त्यातले बरेच जण दिवसभर बँकेत, शाळेत किंवा इस्पितळात नोकरी करणारे, आणि उरलेला वेळ यात घालणारे. त्यांचं काम चिवट आहे. बिननावाचा फोटो हाती आला की आधी चाकं मोजायची. मग दिव्याची जागा, धुराड्याची उंची, डब्यावरची अक्षरं पाहायची. इंजिनावर कारखान्याची पितळी पाटी दिसली तर तिचा क्रमांक कारखान्याच्या यादीत शोधायचा. किटसन कारखाना १९३८ साली बंद पडला, पण त्याने कुठलं इंजिन कुणाला विकलं हे आजही काढता येतं. ह्यू ह्यूजेस यांनी भारतातल्या नॅरोगेज इंजिनांची अशी यादी १९९४ साली पुस्तकात दिली. सरकार एके काळी सगळ्या रेल्वेमार्गांच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ वेळोवेळी छापत असे, आणि त्यात कुठला तुकडा कधी उघडला आणि किती मैलांचा होता हे मिळतं. न्यूमनच्या ब्रॅडशॉ वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा मिळतात. यातलं एक कलम दुसऱ्याशी जुळलं नाही तर जुळेपर्यंत थांबायचं, ही या मंडळींची शिस्त. चाकं मोजणाऱ्यांना हसणाऱ्यांनी परवाचा दार्जिलिंगवाला फोटो आठवावा. चार चाकं मोजली असती तर तो पुढे गेलाच नसता.

आता ज्यासाठी आजचा लेख आहे ती तुलना.

इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे होती. तिचा इंजिनीअरही हाच कॅलथ्रॉप. बार्शीवर जमलेलं गणित त्याने आपल्या देशात नेलं. गेज तेच, अडीच फुटी. इंजिनं त्याच किटसनची, बार्शीच्या इंजिनांवरून बेतलेली, फक्त जोडचाकं सहा. त्यांच्या तोंडावर हिंदुस्थानी धाटणीचा भला मोठा दिवा. डबे फिकट पिवळे आणि दोन्ही टोकांना सज्जे असलेले, उष्ण मुलखात शोभावेत असे. मॅनिफोल्ड नदीच्या थंड, पावसाळी खोऱ्यात ही गाडी बार्शीची धाकटी बहीण म्हणून धावत होती. लांबी सव्वाआठ मैल. इंजिनं दोनच. एकावर कॅलथ्रॉपचं नाव, दुसऱ्यावर जे. बी. अर्ल यांचं. जून १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. दुधाची वाहतूक हा तिचा मुख्य आधार होता. तो गेल्यावर ती टिकली नाही. दोन्ही इंजिनं भंगारात गेली, रूळ उखडले गेले.

म्हणजे आयुष्य तीस वर्षांचं, लांबी कुर्डुवाडी ते बार्शी या पहिल्या तुकड्याच्याही निम्म्याहून कमी, आणि मागे उरलेलं इंजिन एकही नाही. तरीही त्या रेल्वेचं आज काय अज्ञात आहे? तिच्यावर पुस्तकं आहेत. स्टेशनांचे मापासकट नकाशे आहेत. डब्यांचा रंग नक्की कुठल्या छटेचा होता यावर हौशी मंडळी वाद घालतात आणि पुरावे देतात. कितीतरी घरांत तिची चालती मॉडेलं आहेत. १९३७ सालीच तो गाडीमार्ग पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खुला झाला. हल्म एंडला जुन्या तिकीटघरात आज माहितीकेंद्र आहे. खोऱ्यात फिरायला आलेला माणूस सहज तिथे शिरतो आणि बाहेर पडताना त्याला ठाऊक असतं की या गाडीची थोरली बहीण हिंदुस्थानात बार्शीला होती.

आणि बार्शीला आलेला माणूस? मिरज ते लातूर हा सगळा मार्ग या शतकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. ते व्हायलाच हवं होतं. जुनी लाइन धाराशिव शहराला टाळून येडशीवरून जायची. नव्या आखणीने शहराला स्टेशन मिळालं, याचा आनंद तिथल्या माणसांइतकाच या सदरालाही आहे. पण गाडीमार्ग बदलला तेव्हा जुन्या मार्गाचा, पुलांचा, पाण्याच्या टाक्यांचा नकाशा कुणी लोकांपुढे ठेवला का? दोन स्टेशनांमधला जुना भराव आज शेतांत विरघळतो आहे. उपग्रहाच्या चित्रात तो अजून ओळखू येतो, कारण कुठल्याही गाडीवाटेचं वळण रेल्वेच्या वळणाइतकं निगुतीचं नसतं. आणखी काही नांगरण्या झाल्या की तेही दिसणार नाही.

लीक अँड मॅनिफोल्डचा इतिहास सोपा होता म्हणून लिहिला गेला, असं कुणी म्हणेल. ते अर्धं खरं आहे. तिथे कागद एका भाषेत होते आणि सरकार एकच होतं. बार्शी लाईटचं तसं नव्हतं. बार्शी मुंबई इलाख्यात होती, लातूर निजामाच्या राज्यात. मिरजेकडचा रस्ता सांगोल्यावरून जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत संस्थानांच्या सरमिसळ मुलखात शिरायचा. कंपनीचे ठराव लंडनला इंग्रजीत व्हायचे. हैदराबादचं दप्तर उर्दूत चालायचं. संस्थानांचं मराठीत. आणि १८९७ च्या सुमारास तालुक्याच्या कचेरीतली मराठी मोडीत उमटत होती. एकाच रेल्वेचा इतिहास इतक्या घरांत वाटला गेला, आणि आजवर जुळवला गेला तो बहुतेक लंडनच्या घरातला वाटा. म्हणून आपल्याला इंजिनाच्या आसावरचा भार ठाऊक असतो. ज्याच्या शेतातून रूळ गेले त्याला काय मोबदला मिळाला, हे ठाऊक नसतं.

मोडीचा विषय या सदरात पुन्हा निघाला, यात नवल नाही. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात आणि तरुण मुलं आवडीने शिकतात. पण शिकून झालं की सगळे पेशव्यांच्या दप्तराकडे धावतात. पानिपतावर आणखी एक पत्र सापडावं, ही त्यांची इच्छा. त्यातल्या दहा जणांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जमीन संपादनाच्या कागदांकडे मोर्चा वळवला, तर बार्शी लाईटचं दुसरं अंग उजेडात येईल, अशी या सदराची खात्री आहे. त्या कागदांत नेमकं काय निघेल हे पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. पण ती लाइन दुष्काळाच्या वर्षात सुरू झाली. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूरने भोगला आणि १८९९-१९०० चाही भोगला. त्या वर्षांत या छोट्या वाघिणींतून धान्य बार्शीला आलं की बार्शीहून बाहेर गेलं? पंढरपूरला रूळ पोचल्यावर आषाढीला पायी येणाऱ्यांच्या दिंड्यांत काय फरक पडला? निजामाच्या हद्दीवर करोडगिरीवाले गाडी किती वेळ अडवून ठेवत? एकाही प्रश्नाचं उत्तर इंजिनांच्या यादीत मिळणार नाही. आडत पेढ्यांच्या खतावण्यांत मिळेल, मठांच्या हिशेबांत मिळेल, जुन्या सोलापुरी वर्तमानपत्रांत मिळेल. ते इंग्रजी हौशी मंडळींच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवणं चूक आहे. हे काम मराठी, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचं आहे.

आणखी एक साधन कागदाहून नाजूक आहे. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये आणि लोको शेडमध्ये घराण्याच्या घराण्यांनी नोकऱ्या केल्या. आजोबा खलाशी, वडील फिटर, मुलगा फायरमन. वाफेच्या इंजिनावर शेवटच्या काळात काम केलेली माणसं अजून आहेत. शकुंतलेचंच पाहा. १९९४ साली पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला आहे आणि त्या दिवसांबद्दल भरभरून बोलू शकतो. त्याच वेळी जो ड्रायव्हर निवृत्तीला आला होता, तो आता नव्वदीच्या घरात असणार. कोळसा ओला आला तर वाफ कशी धरायची, चढावर चाकं घसरली की वाळू कधी सोडायची, यात्रेच्या दिवसांत टपावरच्या माणसांना पुलाआधी खाली कसं बसवायचं, हे कुठल्याही छापील नियमावलीत पूर्ण मिळत नाही. लीक अँड मॅनिफोल्डच्या कामगारांना गाठणारी माणसं त्यांच्या हयातीत उभी राहिली, म्हणून आठ मैलांवर पुस्तकं होऊ शकली. आपल्याकडे त्या मुलाखती घ्यायला आज एक फोन पुरतो, तोच फोन ज्यावरून रॉयल्टीचा मजकूर पुढे पाठवला जातो.

म्हणून या आठवड्याची मागणी थेट आहे, आणि कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, सांगोला, मिरज इथल्या वाचकांसाठी आहे. घरात रेल्वेच्या नोकरीचा कुठलाही कागद असेल, तर तो रद्दीत देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा. पगाराची चिठ्ठी, ड्युटी पास, बदलीचा हुकूम, गार्डाची वही, रेल्वेच्या आतल्या वापराचं वेळापत्रक, काहीही चालेल. वर्कशॉपमधला सामूहिक फोटो भिंतीवर असेल, तर त्यातल्या जितक्या माणसांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतात तितकी आजच मागे पेन्सिलीने लिहावीत, डावीकडून उजवीकडे, हुद्द्यासकट. वाफेवर काम केलेले आजोबा घरात असतील, तर त्यांना इंजिनाचा क्रमांक, शेडचं नाव आणि वर्ष या तीन गोष्टी आधी विचाराव्यात, कारण त्या तीन मिळाल्या की बाकीच्या आठवणी हौशी मंडळींना कागदांशी जोडता येतात.