जमेच्या बाजूची ‘किरकोळ’ रक्कम

जून उजाडला की आमच्या मंडळाची धावपळ सुरू होते. सावर्ड्याच्या बाजारपेठेतून घाऊक भावाने वह्या आणायच्या, मुंबईकरांकडून वर्गणी गोळा करायची, आजूबाजूच्या वाड्यांतील गरजू मुलांची यादी करायची आणि शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी विहारात वाटप करायचे. हिशेबाचे काम आमच्याकडे. कारकुनाच्या हाती दुसरे काय देणार!

दोन वर्षांपूर्वी या कार्यक्रमात आम्ही एक ‘सुधारणा’ केली. दात्यांना बरे वाटावे म्हणून वह्या घेणाऱ्या एका मुलीने आभाराचे चार शब्द बोलावेत असे ठरले. भाषण आम्हीच लिहून दिले. आठवीतली पोर. आपण आम्हां गरिबांवर केलेले उपकार जन्मभर विसरणार नाही, असे तिने धडाधड म्हणून टाकले. टाळ्या झाल्या. दात्यांसोबत फोटो निघाला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. कार्यक्रम झकास झाला, असे आम्ही घरी येऊन सांगितले.

पुढच्या वर्षी यादीत नाव असूनही ती मुलगी आली नाही. म्हणून वह्या घेऊन आम्हीच वाडीवर गेलो. तिच्या आईने जयभीम केला, ओटीवर बसायला दिले, चहा दिला. वह्यांना मात्र हात लावला नाही. म्हणाली, “भाऊ, वह्या चांगल्या होत्या हो. पण पोरीला वर्गात फुकटवाली म्हणतात. ती आता नको म्हणते.” एवढेच. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागले.

घरी येऊन जुनी हिशेबवही काढली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, आणि त्याच पावसात खेड तालुक्यातील पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्या आठवड्यात आम्ही वाड्यावाड्यांतून तांदूळ, चादरी, भांडी गोळा करीत हिंडलो होतो. वहीत पाचशे रुपये व त्यावरचे दाते नावानिशी होते. त्यांच्याखाली आमच्याच अक्षरात एक ओळ होती: ‘किरकोळ, तांदूळ.’ त्या ओळीत या माऊलीचे पायलीभर तांदूळ होते. तिच्या हातून आम्हीच ते पोत्यात ओतून घेतले होते. लावणीच्या दिवसांत जुने भात संपत आलेले असते आणि नवे यायला आश्विन उजाडावा लागतो. अशा वेळी घरातली पायली काढून देणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिला कोणी व्यासपीठावर बोलावले नव्हते, की पूरग्रस्तांपैकी कुणाला तिच्यापुढे आभाराचे भाषण करायला लावले नव्हते.

विहारात आपण महामंगलसुत्त म्हणतो. त्यात दान हे मंगल आहे आणि कतञ्ञुता, म्हणजे कृतज्ञता, हेही मंगल आहे. पण दान देऊन कृतज्ञता वसूल करावी असे त्यात कुठेही नाही. भिक्खूंच्या पात्रात भात वाढणारी उपासिकाच हात जोडते. पात्र धरणारा नव्हे. ही रीत आपण डोळ्यांनी पाहतो आणि गरिबाच्या लेकरासमोर मात्र नेमकी उलटी करतो.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. समोर बसलेले होते कोण? बहुतेक शेतमजूर, कामगार, हातावर पोट असलेले. त्यांना बाबासाहेबांनी देणाऱ्यांत बसविले. आम्ही त्यांच्या पतवंडांना घेणाऱ्यांच्या रांगेत उभे केले आणि वर भाषण पाठ करून घेतले.

कृतज्ञता नसावी असे नाही. आमची कॉलेजची फी मुंबईला गोदीत काम करणाऱ्या चुलत्यांनी भरली. त्यांनी ती एकदाही बोलून दाखविली नाही. दाखविली असती तर आम्ही त्यांना टाळले असते, हेही खरे.

यंदा मंडळाच्या बैठकीत विषय काढला. वाद झालाच. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, फोटो नसेल तर दाता कशाला येईल? प्रश्न खोटा नाही. शेवटी ठरले की व्यासपीठ नको, नावे पुकारणे नको. वह्या विहारात टेबलावर ठेवायच्या. ज्याला लागतील त्याने न्याव्यात, ज्याच्याकडे जास्त असतील त्याने आणून ठेवाव्यात. त्यावर एका दात्याचा निरोप आला, यंदा जमणार नाही. सहा डझन वह्या कमी पडल्या.

ही गोष्ट वाडीवर कळली तेव्हा महिला मंडळाने आपल्या भिशीतून चार डझनांचे पैसे पाठविले. पैसे घेऊन तीच मुलगी आली होती, यंदा दहावीला आहे. आम्ही वही पुढे केली. तिने मंडळाचे नाव आणि रक्कम स्वतःच्या अक्षरात जमेच्या बाजूला लिहिली. किरकोळ हे सदर आम्ही आता ठेवलेले नाही.

दोन डझन वह्या अजून यायच्या आहेत.