एएनएम ताईंचे काम वाढले, पण त्यांची शिडी कुणी काढून घेतली?

गावातले बाळंतपण एकेकाळी अनेक ठिकाणी आपल्याच वस्तीतल्या सुईणीच्या हातून होत असे. नाळ कापणे हा विटाळ मानला जाई, म्हणून ते काम आपल्या आयाबायांच्या वाट्याला. कौशल्य त्यांचे, पण मान शून्य. पुढे उपकेंद्र आले आणि सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम आली. आपल्या कितीतरी मुलींनी हा कोर्स केला. फी झेपणारी, नोकरी लवकर आणि अंगावर पांढरा गणवेश. ही छोटी क्रांतीच होती.

पण नंतर काय झाले, ते आम्ही विचारतो आहोत.

आधी एएनएमकडे मुख्यतः माता आणि बालकाची जबाबदारी होती. 1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर ती बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. लसीकरण, कुटुंब नियोजन, क्षयरोग, हिवताप, आता मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी, वर रजिस्टरे आणि मोबाईलवरच्या नोंदी. कोरोनात लस टोचणारे हातही तिचेच होते. 2005 नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून दुसरी एएनएम मिळाली, पण कंत्राटी! काम तेच, पगार वेगळा.

2018 मध्ये उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. पात्रता बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम. एएनएमला दार बंद. तिला पुढे जायचे तर नोकरी सोडून तीन वर्षांचा जीएनएम करा! घर तिच्या पगारावर चालते, ते कुणी चालवायचे?

कुणी म्हणेल, पात्रता नको का? हवीच. पण आयुर्वेदाच्या पदवीधराला सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सने या पदासाठी तयार करता येते, तर पंधरा वर्षे उपकेंद्र सांभाळलेल्या सेविकेसाठी नोकरीत राहून पूर्ण करता येईल असा अभ्यासक्रम का नाही?

समुदाय आरोग्य अधिकारी आपला शत्रू नाही, तोही कंत्राटीच आहे. प्रत्येकाला कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली ठेवायचे, म्हणजे एकजूट होत नाही. बाबासाहेबांनी ओळखलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जगजितसिंग खटल्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. महाराष्ट्रात दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटींच्या समायोजनाचा निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला, तरी अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये संपावर जावे लागले. कागदावरचा हक्क रस्त्यावर उतरल्याशिवाय मिळत नाही, हे पुन्हा सिद्ध झाले.

म्हणून आमच्या मागण्या तीन: समान वेतन, समायोजन आणि सेवेत राहून वर जाण्याचा अभ्यासक्रम. वस्तीतल्या मुलींना आम्ही सांगतो, एएनएम जरूर व्हा, पण तिथेच थांबू नका. आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या मंचावर एएनएम ताईंचा सत्कार करता ना? मग त्यांच्या संपाच्या मंडपातही बसा. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकासाठी उभ्या राहिलेल्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. इतरांचे बाळंतपण सांभाळणारीचे पोट कंत्राटावर ठेवणे आपल्याला मान्य नाही.

जय भीम!