विश्लेषण : अलिबाग-वडखळ रस्ता चौपदरी होईपर्यंत सुरक्षेने थांबायचे का?

जोडून सुट्टी आली की वडखळपासून अलिबागच्या दिशेने गाड्यांची रांग लागते आणि चौपदरीकरणाची चर्चा पुन्हा सुरू होते. रुंद रस्ता हवाच. पण तो होईपर्यंत आहे त्या रस्त्यावर माणसे सुरक्षित कशी राहतील, यावर फारसे कोणी बोलत नाही.

हा रस्ता इतका महत्त्वाचा का?

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. त्यामुळे एसटी, रुग्णवाहिका, मालाचे ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या यांचा मुख्य भार सुमारे २२ किलोमीटरच्या या राष्ट्रीय महामार्ग १६६-अ वर पडतो. मार्च २०२० पासून मुंबई-मांडवा रो-रोमुळे काही गाड्या समुद्रमार्गे येतात. मात्र पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात आणि ते प्रवासीही रस्त्याकडे वळतात.

अडचण फक्त अरुंदपणाची आहे?

नाही. कागदावर हा महामार्ग असला, तरी पोयनाड, पेझारी, कार्लेखिंड येथे तो गावचा रस्ता आहे. शाळेची मुले, दुचाकीस्वार, एसटीची वाट पाहणारे आणि मुंबईहून घाईत आलेली गाडी असे सगळे एकाच पट्ट्यात असतात. पांढऱ्या कांद्याच्या हंगामात कडेला माळा टांगलेल्या दिसल्या की पुढची गाडी अचानक थांबते आणि मागच्याची धांदल उडते.

इंडियन रोड काँग्रेसच्या निकषांनुसार ताशी ४० किमी वेगात गाडी सुरक्षित थांबवायला चालकाला ४५ मीटर पुढचे दिसायला हवे. ६० किमी वेगात ८० मीटर. वेग दीडपट झाला, तरी लागणारे अंतर जवळपास दुप्पट होते. खिंडीतल्या वळणावर एवढे पुढचे दिसते का, हा खरा प्रश्न आहे.

'ब्लॅक स्पॉट' कसा ठरतो?

सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट मानली जाते. म्हणजे आधी माणसे जायची आणि मग फलक लागायचा. याउलट रस्ता सुरक्षा ऑडिटमध्ये अपघात होण्याआधीच रस्त्यातील दोष शोधले जातात.

लगेच काय करता येईल?

• गावाच्या वेशीपासून वेगमर्यादा आणि मापात बांधलेले गतिरोधक. वर्तुळाकार गतिरोधकाचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे ठरलेले आहे. डांबराचा उंच ढीग म्हणजे गतिरोधक नव्हे.
• एसटी थांब्यासाठी रस्त्याबाहेर जागा, म्हणजे बसला वळसा घालताना समोरून येणाऱ्या गाडीशी गाठ पडणार नाही.
• खचलेल्या साइडपट्ट्या पावसाळ्याआधी भरणे. वळणांवर रिफ्लेक्टर आणि ठळक पांढरे पट्टे.
• कांदा विक्रेत्यांना हटवण्याऐवजी गाड्या उभ्या करता येतील अशा ठरावीक जागा.

यातल्या बहुतेक कामांना मोठ्या भूसंपादनाची गरज नाही.

चौपदरीकरणाने प्रश्न सुटणार नाही का?

कोंडी कमी होईल, पण वेग वाढेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी आहे, तरी २०१६ मध्ये तिथे १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर कठडे दुरुस्त करणे, थांबलेल्या वाहनांवर कारवाई आणि जखमींना तातडीची मदत अशी कामे एकत्र हाती घेतली गेली आणि मृत्यू घटले. २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले. त्यात सर्वाधिक, सुमारे ४४ टक्के, दुचाकीस्वार होते. गावात ओलांडायची सोय न करता रस्ता फक्त रुंद केला, तर धोका त्यांचा आणि पादचाऱ्यांचाच वाढेल.

जबाबदारी कोणाची?

रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी मृत्यू झाल्यास संबंधित यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये आली. याच कायद्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचीही तरतूद आहे. या समितीने २२ किलोमीटरचे ऑडिट करून घ्यावे आणि कोणते काम कोणाचे व कधीपर्यंत, ही यादी जाहीर करावी. पर्यटक सोमवारी परत जातो. पोयनाडच्या मुलाला मात्र मंगळवारीही हाच रस्ता ओलांडून शाळेत जायचे असते.